फेडरल कोर्टात ड्रग कटात शिक्षा झाली, तर अपील कसं करायचं

अमेरिकेत शिक्षा सुनावली गेली की घरचे पहिल्यांदा भारतातल्या ओळखीच्या वकिलाला फोन लावतात. तो म्हणतो, साठ दिवस आहेत, उशीर झालाच तर विलंब माफीचा अर्ज देऊ. मुंबई हायकोर्टापुरतं ते बरोबर आहे. अमेरिकेतल्या फेडरल, म्हणजे केंद्रीय कोर्टात मात्र साठ नाही, चौदा दिवस मिळतात.

दुसरा गोंधळ याहून मोठा. आपल्याकडे एनडीपीएसच्या, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या अपिलात हायकोर्ट पुरावा नव्याने तपासतं. पंच कोण होते, झडतीचं कलम ५० पाळलं का, कोणाच्या जबाबात फरक आहे, हे सगळं पुन्हा निघतं. अमेरिकेतलं सर्किट कोर्ट, म्हणजे फेडरल अपील कोर्ट, तसं करत नाही. नवा साक्षीदार नाही, नवा कागद नाही, उलटतपासणी नाही. खालच्या कोर्टात जे बोललं गेलं आणि टाइप झालं, तेवढंच तीन न्यायाधीश वाचतात. त्यात कायद्याची चूक झाली का आणि तिने निकाल बिघडला का, एवढंच बघतात. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीवर उभ्या आहेत.

हा लेख आरोपीच्या नातेवाइकांसाठी आहे. वकील लागणारच आहे. पण वकिलाला काय विचारायचं आणि कुठली तारीख स्वतः लिहून ठेवायची, हे घरच्यांना माहीत असलेलं बरं.

१. चौदा दिवसांत नोटीस ऑफ अपील

न्यायाधीशांनी शिक्षा तोंडी सांगितली त्या दिवसापासून हे दिवस मोजत नाहीत. लेखी जजमेंट डॉकेटवर, म्हणजे कोर्टाच्या रोजनाम्यावर चढतं, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजतात. शनिवार-रविवार धरून. चौदावा दिवस सुटीचा आला तर पुढचा कामाचा दिवस. तोंडी शिक्षेनंतर, जजमेंट चढण्याआधीच नोटीस दिली तरी चालते, म्हणून वाट बघत बसू नका.

नोटीस एका पानाची असते. अपील कोण करतंय, कुठल्या जजमेंटविरुद्ध आणि कुठल्या सर्किट कोर्टात, एवढं पुरतं. कारणं लिहायची नसतात. ती डिस्ट्रिक्ट कोर्टातच द्यायची, जिथे शिक्षा झाली तिथे. बरेच जण ती थेट वरच्या कोर्टाला पाठवतात आणि दिवस वाया घालवतात.

वेळेवर नोटीस जाण्याचे तीन मार्ग आहेत:

- वकिलाला लेखी सांगा: "अपील दाखल करा." फोनवर सांगितलं असेल तरी त्याच दिवशी ईमेलही करा.
- शिक्षेच्या वेळी आरोपी कोर्टातच म्हणू शकतो की क्लार्कने माझ्यासाठी नोटीस दाखल करावी. फेडरल फौजदारी नियम ३२ प्रमाणे क्लार्कला ती लगेच दाखल करावी लागते. हा मार्ग फार थोड्यांना माहीत असतो.
- आरोपी कोठडीत असेल तर तो स्वतः लिहून तुरुंगाच्या आतल्या कायदेशीर टपालात टाकू शकतो. शेवटच्या दिवसापर्यंत टाकली तर ती वेळेत धरली जाते, कोर्टात नंतर पोचली तरी. कधी टाकली आणि पोस्टेज भरलं होतं, हे खोटी साक्ष शिक्षेस पात्र असल्याच्या प्रतिज्ञेसह सोबत लिहायचं.

मुदत चुकली तर चांगलं कारण दाखवून डिस्ट्रिक्ट कोर्टाकडून आणखी जास्तीत जास्त ३० दिवस मागता येतात. "वकील बदलत होतो" हे कारण चालेलच असं नाही. आरोपीने स्पष्ट सांगूनही वकिलाने नोटीस दिली नसेल, तर ती वकिलाची गंभीर चूक ठरते आणि नंतर अपिलाचा हक्क परत मिळू शकतो. प्ली करारात, म्हणजे गुन्हा कबूल करताना सरकारशी केलेल्या करारात, अपील सोडलेलं असलं तरीही (सुप्रीम कोर्ट, गार्झा विरुद्ध आयडाहो, २०१९). म्हणूनच तो ईमेल जपून ठेवायचा.

एक अपवाद. ज्युरीच्या निकालानंतर १४ दिवसांत नियम २९ किंवा ३३ खालचा अर्ज, म्हणजे निर्दोष ठरवा किंवा नवा खटला द्या असा अर्ज केला असेल आणि तो अजून प्रलंबित असेल, तर अपिलाची मुदत त्याच्या निकालानंतर सुरू होऊ शकते. पण या हिशेबावर विसंबू नका. नोटीस आधी दिली म्हणून काही बिघडत नाही.

२. प्ली केली असेल तर करार आधी वाचा

फेडरल कोर्टात बहुतेक शिक्षा खटला न चालता, गुन्हा कबूल करून होतात. त्या करारात एक परिच्छेद असतो: "अपिलाचा हक्क सोडत आहे." तो शब्दन् शब्द वाचा. काही करारांत फक्त ठरावीक महिन्यांपर्यंतच्या शिक्षेविरुद्धचं अपील सोडलेलं असतं, काहींत सगळंच. झडतीविरुद्धचा मुद्दा राखून ठेवायचा असेल तर तो करारातच लेखी राखावा लागतो, आणि सरकार व न्यायाधीश दोघांची संमती लागते. नंतर म्हणून उपयोग नाही.

इथेच एक धोकाही आहे. अपिलात प्ली रद्द झाली तर करारात सोडून दिलेले आरोपही परत येऊ शकतात. किमान दहा वर्षांचं कलम सोडवून पाच वर्षांचं घेतलं असेल, तर "प्ली रद्द करा" म्हणण्याआधी शांत डोक्याने हिशेब करा. उलट, फक्त आरोपीने अपील केलं आणि सरकारने केलं नाही, तर सर्किट कोर्ट आपण होऊन शिक्षा वाढवू शकत नाही. ग्रीनलॉ खटल्यात २००८ साली ते स्पष्ट झालं आहे.

३. वकील आणि पैसे

पहिल्या अपिलासाठी वकील मिळणं हा हक्क आहे. ऐपत नसेल तर कोर्ट नेमून देतं. खटल्यात नेमलेला वकील असेल तर सर्किट कोर्ट सुट्टी देईपर्यंत तोच बांधील असतो आणि फीही भरावी लागत नाही. खाजगी वकील असेल तर अपिलाची फी ६०५ डॉलर. पैसे खटल्यातच संपले असतील, आणि बहुधा संपलेलेच असतात, तर उत्पन्न-मालमत्तेच्या शपथपत्रासह फीमाफी आणि नेमलेला वकील मागता येतो. शपथपत्रात भारतातली जमीन किंवा फ्लॅट लपवू नका.

खटला लढवणारा वकील अपिलासाठी चांगला असेलच असं नाही. ज्युरीसमोर बोलणं वेगळं आणि तीन हजार पानं वाचून १३,००० शब्दांत चूक दाखवणं वेगळं. शिवाय स्वतःच्या खटल्यातली स्वतःची चूक कोण शोधणार? नवा वकील बघताना एवढंच विचारा: याच सर्किटमध्ये फौजदारी ब्रीफ, म्हणजे अपिलातले लेखी युक्तिवाद, किती लिहिलेत, आणि त्यातलं एखादं वाचायला द्याल का? ब्रीफ सार्वजनिक असतात. जो देत नाही, त्याला सोडा. "शंभर टक्के सोडवतो" म्हणणाऱ्यालाही सोडा. फेडरल फौजदारी अपिलात निकाल पूर्ण उलटणं ही दुर्मीळ गोष्ट आहे.

सर्किट राज्यावरून ठरतं. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया असेल तर थर्ड सर्किट, फिलाडेल्फियात. न्यू यॉर्क सेकंडमध्ये, टेक्सस फिफ्थमध्ये, इलिनॉय सेव्हन्थमध्ये, कॅलिफोर्निया नाइन्थमध्ये, जॉर्जिया आणि फ्लोरिडा इलेव्हन्थमध्ये. पुढे दिसेल की कटाच्या कायद्यात सर्किट बदललं की उत्तरही बदलतं.

४. कागद

वकिलाकडे नसतील तर मागवा, असतील तर एक नक्कल घरी ठेवा:

- आरोपपत्र, आणि नंतर बदललं असेल तर प्रत्येक सुधारित आरोपपत्र
- प्ली करार, किंवा ज्युरीला दिलेल्या सूचना आणि निकालपत्राचा फॉर्म
- झडती, फोन टॅपिंग किंवा जबाब वगळण्यासाठी केलेले अर्ज आणि त्यांवरचे आदेश
- लेखी जजमेंट
- शिक्षापूर्व अहवाल, म्हणजे पीएसआर, आणि त्यावर वकिलाने घेतलेल्या लेखी हरकती
- ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे कोर्टात बोललेल्याची टाइप केलेली नोंद: खटला, झडतीवरची सुनावणी, प्ली, शिक्षेची सुनावणी

ट्रान्स्क्रिप्टची मागणी नोटिशीनंतर १४ दिवसांत करावी लागते. ती आपोआप तयार होत नाही. खाजगी वकील असेल तर पानाला चार डॉलरच्या आसपास धरा. खटल्याच्या एका दिवसाची दोनशे-अडीचशे पानं होतात, म्हणजे दोन आठवड्यांच्या खटल्याचे आठ-दहा हजार डॉलर. हा आकडा ऐकून काही जण "फक्त महत्त्वाचे दिवस" मागवतात. तिथेच फसतात. मधल्या एखाद्या दुपारी साक्षीदाराच्या बोलण्यावर वकिलाने हरकत घेतली होती की नाही, यावर अख्खा मुद्दा टिकतो किंवा पडतो. पैसे कमी असतील तर ट्रान्स्क्रिप्टचा खर्च सरकारने द्यावा असा अर्ज करा, पण पानं कापू नका.

पीएसआर गोपनीय असतो, तो वकिलाकडूनच घ्या; बाकीचे बहुतेक कागद पेसर या कोर्टाच्या संकेतस्थळावर मिळतात. पानाला दहा सेंट, बहुतेक कागदांना कमाल तीन डॉलर, आणि तीन महिन्यांत तीस डॉलरच्या वर गेला नाहीत तर काहीच आकारत नाहीत.

५. मुद्दे कुठले टिकतात

आधी गुन्हा समजून घ्या. ड्रग कटाचं फेडरल कलम ८४६. त्यात माल हातात सापडायला लागत नाही, आणि कटासाठी एखादं प्रत्यक्ष कृत्य केलं हेही दाखवावं लागत नाही. करार सिद्ध झाला की पुरे. शिक्षा मूळ गुन्ह्याइतकीच. पाच किलो कोकेन, एक किलो हेरॉइन किंवा ४०० ग्रॅम फेंटानिलचं मिश्रण असेल तर किमान १० वर्षं, कमाल जन्मठेप. ५०० ग्रॅम कोकेन, १०० ग्रॅम हेरॉइन किंवा ४० ग्रॅम फेंटानिलचं मिश्रण असेल तर किमान ५ वर्षं. आणि फेडरल व्यवस्थेत पॅरोल नाही.

*"साक्षीदार खोटं बोलला."* घरच्यांचा हा सगळ्यात आवडता मुद्दा, आणि अपिलात सगळ्यात कमकुवत. स्वतःची शिक्षा कमी करून घेण्यासाठी सरकारला फितूर झालेल्या सहआरोपीची एकट्याची साक्षही पुरू शकते. पुरावा सरकारच्या बाजूने धरूनच बघायचा आणि कुठल्याही समंजस ज्युरीला दोषी ठरवता आलं असतं का, एवढंच विचारायचं, असा नियम आहे. खरं कोण बोललं हा प्रश्न ज्युरीबरोबर संपला.

*गिऱ्हाईक होता, कटात नव्हता.* एकाने विकलं आणि दुसऱ्याने घेतलं, एवढ्याने कट होत नाही. तो करार विक्रीचा, पुढे वाटप करण्याचा नव्हे. सेव्हन्थ सर्किटने यावर बरंच लिहिलं आहे. इथे बारीक गोष्टी मोजतात: माल उधारीवर मिळायचा का, न विकलेला परत करता यायचा का, पोलीस आले तर एकमेकांना कळवायचे का, नफ्यात वाटा होता का. रोख देऊन रोख घेणारा आणि पुढे कोणाला विकतो याच्याशी विकणाऱ्याला देणंघेणं नसणारा माणूस असेल, तर मुद्द्यात दम आहे. उधारी निघाली की तो ढिला पडतो. ज्युरीला ही सूचना द्या असं वकिलाने मागितलं होतं का आणि न्यायाधीशांनी नाकारली का, हे ट्रान्स्क्रिप्टमध्ये आधी शोधा.

*एक कट की अनेक.* कोट्टिआकोस खटल्यापासून (१९४६) वकील चाकाची उपमा वापरतात. मधे तुंबा, म्हणजे मुख्य विक्रेता. त्यातून निघालेले आरे, म्हणजे वेगवेगळे घेणारे. पण आरे एकमेकांना बांधणारी धाव नसेल तर ते एक चाक नाही, वेगवेगळे कट आहेत. आरोपपत्रात एकच मोठा कट आणि पुराव्यात चार छोटे, असं असेल तर हा मुद्दा निघतो. पण फरक दाखवून भागत नाही. इतरांचा पुरावा ज्युरीसमोर आल्याने तुमच्या माणसाचं नुकसान झालं, हेही दाखवावं लागतं.

*वजन.* माझ्या मते सगळ्यात जास्त फळ देणारी जागा हीच. वजनामुळे किमान शिक्षा वाढत असेल तर ते वजन ज्युरीने निःसंशय ठरवायला हवं (अलेन, २०१३). संपूर्ण कटाचं वजन धरायचं की त्या माणसावर पडणारं, यावर सर्किटांचं एकमत नाही. फेडरल शिक्षेची मार्गदर्शक तत्त्वं वजनावरून गुन्ह्याला पातळीचा आकडा देतात आणि पातळीवरून महिने सुचवतात; त्यांनुसार शिक्षा ठरवताना मात्र न्यायाधीश स्वतः वजन काढतात, आणि त्याला कमी पुरावा चालतो.

एक उदाहरण. साक्षीदार म्हणतो, "आठ महिने, महिन्याला दोन-तीनदा, दर वेळी अर्धा ते एक किलो कोकेन." कमीत कमी धरलं तर २ गुणिले अर्धा गुणिले ८, म्हणजे ८ किलो. जास्तीत जास्त धरलं तर ३ गुणिले १ गुणिले ८, म्हणजे २४ किलो. पाच ते पंधरा किलोला पातळी ३०, पंधराच्या पुढे ३२. पूर्वी गुन्हा नसलेल्या माणसाला पातळी ३० ला ९७ ते १२१ महिने, आणि पाच किलोच्या वर असल्याने किमान १२०. पातळी ३२ ला १२१ ते १५१. म्हणजे "अर्धा ते एक किलो" एवढ्या शब्दांवर अडीच वर्षांपर्यंत लटकतात. न्यायाधीशांनी मोठा आकडा का घेतला, कारण सांगितलं का, आणि त्यातलं किती या माणसाला अपेक्षित होतं व त्याने मान्य केलेल्या कामाच्या कक्षेत होतं, हे शिक्षेच्या सुनावणीच्या ट्रान्स्क्रिप्टमध्ये बघा.

डॉक्टर किंवा फार्मासिस्ट आरोपी असेल तर रुआन खटला (२०२२) पाहावाच लागेल. प्रिस्क्रिप्शन अधिकाराबाहेर आहे हे त्याला माहीत होतं किंवा तो हेतूच होता, हे सरकारने सिद्ध करायला हवं. ज्युरीला जुनी सूचना दिली असेल तर इथे खरी संधी आहे. सीमेवर गाडी पकडली गेलेल्यांचं उलटं आहे: "बहुतेक वाहकांना गाडीत काय आहे ते माहीत असतं" अशी तज्ज्ञाची साक्ष चालते, असं सुप्रीम कोर्टाने २०२४ साली डियाझ खटल्यात ठरवलं.

आता सगळ्या मुद्द्यांची चाळणी: हरकत घेतली होती का? खालच्या कोर्टात घेतली नसेल तर चूक उघड होती, तिने निकालावर परिणाम केला आणि न्यायाच्या प्रतिष्ठेला धक्का लागतो, इतकं सगळं दाखवावं लागतं. फार थोडे मुद्दे या चाळणीतून पार होतात. "वकिलाने नीट लढवलं नाही" हा मुद्दा तर इथे आणायचाच नाही. तो आठव्या पायरीचा.

६. ब्रीफ आणि सुनावणी

रेकॉर्ड तयार झालं की आरोपीच्या ब्रीफला ४० दिवस, सरकारच्या उत्तराला ३०, प्रत्युत्तराला २१, असा मूळ नियम आहे. प्रत्यक्षात सर्किट कोर्ट स्वतःचं वेळापत्रक देतं आणि मुदतवाढही बऱ्याचदा मिळते. मुख्य ब्रीफ साधारण १३,००० शब्दांचं. दोन-तीन मुद्दे असलेलं ब्रीफ बारा मुद्द्यांच्या ब्रीफपेक्षा चांगलं. घरचे "हेही घाला, तेही घाला" म्हणतात तेव्हा वकील नाही म्हणाला तर चिडू नका.

नेमलेल्या वकिलाला मांडण्यासारखा एकही मुद्दा सापडला नाही तर तो अँडर्स ब्रीफ देतो आणि मोकळं होण्याची परवानगी मागतो. त्यानंतर कोर्टाचं एक पत्र आरोपीला येतं: तुला स्वतः काही म्हणायचं आहे का? त्यावर तारीख असते. ते पत्र बाजूला पडू देऊ नका. एरवी मात्र वकील असताना आरोपीने कोर्टाला परस्पर पत्रं लिहिली तर ती बहुधा विचारात घेत नाहीत.

तोंडी युक्तिवाद झालाच तर बाजूला पंधराएक मिनिटं. अनेक अपिलं कागदावरच निकाली निघतात. नोटिशीपासून वर्ष ते दीड वर्ष धरून चाला. तोपर्यंत जामीन? दहा वर्षं किंवा जास्त कमाल शिक्षेच्या ड्रग गुन्ह्यात तो अपवादात्मक कारणाशिवाय मिळत नाही.

७. मधल्या काळातले खड्डे

तुरुंगातले फोन आणि ईमेल नोंदवले जातात. खटल्याबद्दल त्यावर बोलू नका, मराठीतही नाही. दुभाषा त्यांच्याकडे असतो.

पीएसआर टपालाने आत पाठवू नका. फेडरल तुरुंगात कैद्याला तो स्वतःजवळ ठेवायला मनाई आहे, कारण कोणी सरकारला मदत केली हे त्यात दिसतं आणि त्यावरून मारामाऱ्या होतात. वाचायचा असेल तर तुरुंगातल्या कर्मचाऱ्याकडे बघायला मागता येतो.

ग्रीन कार्ड किंवा व्हिसावर असेल तर इमिग्रेशनचा वेगळा वकील पहिल्या महिन्यातच गाठा. ड्रग कटाची शिक्षा म्हणजे हद्दपारीचं कारण, आणि अपील चालू आहे म्हणून ते आपोआप थांबतं असं धरू नका. भारतीय कॉन्सुलेट भेटू शकतं, पासपोर्टची कामं करू शकतं. अपील लढवत नाही.

८. अपील फेटाळलं तर

त्याच कोर्टात फेरविचाराचा अर्ज १४ दिवसांत. दिवाणी दाव्यात सरकार पक्षकार असेल तर ४५ दिवस असतात, तो आकडा वाचून फसू नका. सुप्रीम कोर्टाकडे सर्शिओरारीचा, म्हणजे प्रकरण ऐकायला घ्या असा अर्ज ९० दिवसांत, आणि हे ९० दिवस सर्किट कोर्टाच्या निकालाच्या तारखेपासून मोजतात (फेरविचाराचा अर्ज केला असेल तर तो फेटाळल्यापासून), नंतर खालच्या कोर्टाकडे जाणाऱ्या मँडेटपासून, म्हणजे निकालाच्या औपचारिक आदेशापासून नाही. सुप्रीम कोर्ट वर्षाला साठ-सत्तर प्रकरणं ऐकतं, त्यामुळे आशा बेतानेच ठेवा.

त्यानंतर कलम २२५५ चा, म्हणजे शिक्षा रद्द करा किंवा बदला असा अर्ज. वकिलाची चूक, प्लीच्या वेळी हद्दपारीबद्दल दिलेला चुकीचा सल्ला (पडिला, २०१०), रेकॉर्डच्या बाहेरचा पुरावा, हे सगळं इथे येतं. अर्ज शिक्षा दिलेल्या कोर्टातच करायचा, बहुतेकदा त्याच न्यायाधीशांपुढे. फी नाही, पण नेमलेला वकील मिळण्याचा हक्कही नाही. मुदत एक वर्ष, शिक्षा अंतिम झाल्यापासून. सुप्रीम कोर्टाने नकार दिला तर त्या दिवसापासून, तिथे गेलाच नाहीत तर ९० दिवस संपल्यापासून, आणि अपीलच केलं नसेल तर ते पहिले चौदा दिवस संपल्यापासून. सगळे मुद्दे पहिल्याच अर्जात घाला. दुसऱ्या अर्जासाठी आधी सर्किट कोर्टाची परवानगी लागते. ती निर्दोषत्व दाखवणारा नवा पुरावा किंवा सुप्रीम कोर्टाने मागील प्रकरणांनाही लागू केलेला घटनात्मक कायद्याचा नवा नियम असेल तरच मिळते.